ट्राउटसाठी कोणते निम्फ बांधावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाय, म्हणजे गळावर धागा, पिसं, केस बांधून केलेली कीटकाची नक्कल, बांधायला शिकल्यावर पहिली अडचण येते ती निवडीची. पाण्याखाली वापरायच्या फ्लायचे, म्हणजे निम्फचे, पॅटर्न (ठरावीक बांधणीचे नमुने) शेकडो आहेत आणि प्रत्येकाचं कौतुक करणारं कुणीतरी भेटतंच. इथल्या सगळ्या उत्तरांमागे एकच मत आहे: पॅटर्न मोजके ठेवा, पण त्यातला प्रत्येक पॅटर्न वेगवेगळ्या मापांत आणि वेगवेगळ्या वजनांत बांधा. ट्राउट हा मासा आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच उरकतो, आणि तिथे फ्लाय त्याच्या तोंडाच्या पातळीला पोचली की नाही, यावर बाकी सगळं अवलंबून असतं.

निम्फ म्हणून आपण नेमकी कशाची नक्कल करतो?

मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांची पिल्लं पाण्यात वाढतात, कात टाकत टाकत मोठी होतात आणि मग बाहेर येऊन उडतात. त्यांच्यात कोषावस्था नसते. कॅडिस आणि मिज (डासासारखा बारीक कीटक) यांची मात्र आधी अळी, मग कोष आणि मग उडणारा कीटक अशी वाटचाल असते. त्यांच्या जोडीला स्कड आणि सोबग हे पाण्यातले छोटे कवचधारी जीवही ट्राउटच्या पोटात जातात. फ्लाय बांधणारे या सगळ्यांच्या नकला निम्फच्याच डबीत ठेवतात. हा फरक बांधताना कामाला येतो: मेफ्लायची निम्फ ही एकच अवस्था बांधली की पुरते, तर कॅडिससाठी अळी आणि वर येणारा कोष अशा दोन अवस्था बांधाव्या लागतात.

सुरुवातीला किती पॅटर्न पुरेत?

पाच. फेझंट टेल, हेअर्स इअर, वॉल्ट्स वर्म, झेब्रा मिज आणि पर्डिगॉन. नदीत मोठ्या स्टोनफ्लाय असतील तर त्यांच्यासाठी एक सहावा.

प्रसिद्धी हा या निवडीचा निकष नाही. पाचही पॅटर्नची पाण्यातली आकृती एकमेकींपासून वेगळी आहे. फेझंट टेल सडपातळ, पोहणाऱ्या मेफ्लायसारखा. हेअर्स इअर जाडसर आणि केसाळ, त्यात पायांची हालचाल दिसते. वॉल्ट्स वर्म म्हणजे शेपूट नसलेली गुबगुबीत अळी. झेब्रा मिज म्हणजे जेमतेम धाग्याएवढी रेघ. पर्डिगॉन गुळगुळीत आणि झपाट्याने बुडणारा. नवा पॅटर्न बांधायला घेण्याआधी स्वतःला विचारा, की याची आकृती या पाचांपैकी कुणाशी जुळते? जुळत असेल तर तो वेळ जुन्याच पॅटर्नची वेगळी मापं बांधण्यात घालवलेला बरा.

नदीत काय राहतं हे कसं ओळखायचं?

खळाळत्या उथळ भागात जा. बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा आणि वरच्या बाजूची रेती-गोटे पायाने हलवा. जाळीत आलेलं पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यासह ओता. मोठे दगड हाताने उलटून पाहा आणि पाहून झालं की होते तसे परत ठेवा, कारण त्यांच्या तळाला अंडी आणि अळ्यांची घरं चिकटलेली असतात.

आता बारकाईने बघा. तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांच्या पाकळ्या असतील तर ती मेफ्लाय. काही मेफ्लायना दोनच शेपट्या असतात, म्हणून नुसत्या शेपट्या मोजून थांबू नका, कल्ले कुठे आहेत ते पाहा. दोन शेपट्या, प्रत्येक पायाला दोन नख्या आणि पोटाच्या कडांना कल्ले नाहीत, तर ती स्टोनफ्लाय. शेपूट नाही, मागे दोन आकडे आहेत आणि अंग मऊ, अळीसारखं, तर कॅडिस. यातल्या काही अळ्या वाळूच्या कणांचं किंवा काटक्यांचं घर अंगाभोवती बांधतात, काही उघड्याच फिरतात. बारीक, वळवळणारं, बिनपायांचं सूत दिसलं तर बहुधा मिज. आणि कोळंबीच्या पिल्लासारखं आडवं होऊन पळणारं काही असेल तर स्कड.

सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटी करायचं. जास्त संख्येने सापडलेला जीव उचला आणि गळाच्या दांड्याशेजारी ठेवून माप घ्या. शेपट्या आणि मिशा सोडून फक्त अंगाची लांबी धरा. पाण्यात जीव मोठा भासतो, त्यामुळे अंदाजाने बांधलेल्या फ्लाय जवळजवळ नेहमीच मोठ्या होतात.

मेफ्लायचे निम्फ सगळे सारखेच दिसतात का?

नाही, आणि त्यांची घडण पाहून नदीबद्दल बरंच कळतं. वेगवान पाण्यात दगडाला चिकटून राहणारे निम्फ चपटे असतात, डोकं रुंद आणि पाय फाकलेले. पोहणारे निम्फ सडपातळ असतात आणि पाणवनस्पतींमध्ये किंवा बारीक खड्यांवर वावरतात. रांगणारे आखूड आणि दणकट. गाळात बिळं करणारे लांबट, त्यांच्या पोटावर पिसांसारखे कल्ले. चपट्या आणि रांगणाऱ्या निम्फसाठी हेअर्स इअर योग्य, पोहणाऱ्यांसाठी फेझंट टेल. बिळं करणारे निम्फ एरवी ट्राउटला फारसे दिसत नाहीत, त्यामुळे ते बाहेर पडायच्या हंगामापुरतेच बांधा.

गळाचं माप आधी ठरवायचं की पॅटर्न?

माप. गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे १८ क्रमांकाचा गळ १४ पेक्षा लहान. नदीतल्या ट्राउटसाठी बहुतेक काम १४, १६ आणि १८ या तीन मापांत होतं. स्टोनफ्लायसाठी ८ किंवा १०, मिजसाठी १८ पासून २२ पर्यंत. दोन मापांमध्ये मन अडलं तर लहान घ्या. पाणी गढूळ असेल तर मात्र उलट: एक माप मोठं आणि रंगाने गडद, म्हणजे आकृती उठून दिसते.

फ्लायला वजन किती आणि कसं द्यायचं?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. मासा लागत नाही म्हणून पॅटर्न बदलणारे पुष्कळ असतात, वजन बदलणारे थोडे. प्रत्यक्षात खोली चुकलेली असताना पॅटर्न बदलून काहीच हाती लागत नाही.

नदीच्या तळाशी दगडांच्या घर्षणामुळे प्रवाह मंद असतो आणि ट्राउट तिथे कमी श्रमात उभा राहतो. वरचा प्रवाह वेगवान असतो आणि तो दोरीला ओढतो, दोरी फ्लायला ओढते. या ओढीवर मात करून फ्लाय खालच्या मंद थरात पोचली तरच ती तिथल्या वेगाने, नैसर्गिकपणे वाहते.

वजन देण्याचे मार्ग तीन: मणी, धाग्याखाली गुंडाळलेली जड तार आणि अंगावरची तांब्याची तार. मण्यांमध्ये पितळ आणि टंगस्टन असे दोन पर्याय. पितळेची घनता दर घन सेंटीमीटरला साधारण ८.५ ग्रॅम, शिशाची ११.३ आणि शुद्ध टंगस्टनची १९.३. एकाच मापाचा टंगस्टनचा मणी पितळेच्या दुपटीहून जड भरतो तो यामुळेच. मण्याचं माप वाढवण्याचा परिणामही वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण वजन व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतं. २.८ मिलिमीटरच्या जागी ३.३ मिलिमीटरचा मणी घेतला तर व्यास अर्ध्या मिलिमीटरनेच वाढतो, पण वजन सुमारे ६० टक्क्यांनी.

गळ आणि मण्याची नेहमीची जोडी अशी: १२ च्या गळाला ३.३ मिलिमीटर, १४ ला २.८, १६ ला २.३ ते २.५ आणि १८ ला २ मिलिमीटर. उत्पादकानुसार थोडा फरक पडतो, म्हणून मणी गळाच्या बाकातून सरकतो का ते पुडी रिकामी करण्याआधी एकावर करून पाहा.

प्रत्येक पॅटर्न किमान दोन वजनांत बांधा. एक टंगस्टनचा मणी घालून, वेगवान आणि खोल पाण्यासाठी. दुसरा पितळेचा मणी घालून किंवा मण्याशिवाय, उथळ आणि संथ पाण्यासाठी. डबीत ते वेगळे ओळखू यावेत म्हणून मण्यामागच्या शेवटच्या वेढ्यांना धाग्याचा रंग ठरवून घ्या, उदाहरणार्थ टंगस्टनला लाल आणि पितळेला काळा. नदीवर ओल्या बोटांनी डबी चाळताना या खुणेची किंमत कळते.

वजन बरोबर आहे हे पाण्यात कसं कळतं?

फ्लाय एकदाही तळाला लागत नसेल तर ती हलकी आहे. प्रत्येक फेकीला अडकत असेल तर जड. काही फेकींमागे एकदा तळाला हलकं टेकून पुढे जात असेल तर वजन जमलं. मगच पॅटर्नचा विचार करा.

हुबेहूब नक्कल चांगली की ढोबळ?

वाहत्या पाण्यासाठी ढोबळ. पायाचे सांधे, डोळे, पोटाचे वळे असं सगळं उतरवलेले निम्फ हातात घेऊन पाहायला सुंदर असतात, पण ते बहुधा ताठ असतात आणि पाण्यात निर्जीव वाहतात. ट्राउटला निर्णय घ्यायला क्षणभरच मिळतो. त्या क्षणात माप, जाडी, गडद-फिकेपणा आणि हालचाल एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. हेअर्स इअरचे विस्कटलेले केस पाण्यात हलतात, हवेचे बारीक बुडबुडे धरतात आणि पाय, कल्ले, सुटणारी कात असं काहीही भासू शकतात. हा ढोबळपणाच त्याचं बळ आहे. संथ, नितळ पाण्यात, जिथे मासा फ्लायच्या मागे येऊन तिला न्याहाळतो, तिथे थोडा अधिक नेमकेपणा लागतो. तिथेही तो बारीक अंग आणि लहान माप यांतून येतो, जोडलेल्या अवयवांतून नाही.

फेझंट टेल इतका का टिकून आहे?

हा पॅटर्न फ्रँक सॉयर यांचा. ते इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या एव्हन नदीचे राखणदार होते आणि नदीतले जीव रोज पाहत होते. त्यांनी धागा वापरलाच नाही. तांब्याची बारीक तार हेच वजन आणि तीच बांधणी, आणि वर फेझंट या पक्ष्याच्या नराच्या शेपटीच्या पिसाचे तंतू. पायही बांधले नाहीत, कारण पोहणारा मेफ्लायचा निम्फ पाय अंगाशी घेऊन पोहतो हे त्यांनी पाहिलं होतं. कमी सामान, सडपातळ अंग, पटकन बुडणं आणि ओला झाल्यावर जिवंत वाटणारा तांबूस तपकिरी रंग. पुढे अमेरिकेत त्याला मोरपिसाच्या तंतूंची छाती आणि पाय मिळाले, तो अवतारही उत्तम चालतो.

पिसाचे तंतू नाजूक असतात आणि ट्राउटच्या बारीक दातांनी तुटतात. उपाय सोपा आहे: तंतू ज्या दिशेने गुंडाळले त्याच्या उलट दिशेने वरून तार फिरवा. प्रत्येक तंतू मग तारेखाली अनेक ठिकाणी दाबला जातो आणि एक तुटला तरी अंग उसवत नाही. शेपूट आखूड ठेवा, दांड्याच्या अर्ध्याहून जास्त नको. अंगाचा मागचा दोनतृतीयांश भाग पोट, पुढचा एकतृतीयांश छाती, एवढं प्रमाण सांभाळलं तर बाकीचं आपोआप जुळतं.

हेअर्स इअर नीट दिसत नाही, फार विस्कटतो. काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. सशाच्या कानाचे आणि चेहऱ्याचे आखूड राठ केस आणि खालची मऊ लोकर यांचं मिश्रण असतं ते. पोटासाठी लोकर जास्त घेऊन बारीक पीळ द्या, छातीसाठी राठ केस जास्त घ्या आणि सैल ठेवा. बांधून झाल्यावर छातीचे केस सुईने किंवा खरखरीत ब्रशने बाहेर काढा. फक्त पोट जाड होऊ देऊ नका. डबिंग (धाग्यावर पिळायचे केस आणि लोकर) धाग्याला लावताना नेहमी वाटतं त्याच्या निम्मं घ्या.

वॉल्ट्स वर्म इतका साधा आहे, तो खरंच चालतो का?

हो, आणि नवशिक्याने हाच पहिला बांधावा असं माझं ठाम मत आहे. पेन्सिल्व्हेनियाच्या वॉल्ट यंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पॅटर्नच्या मूळ रूपात सशाच्या केसांचं डबिंग दांड्यावर गुंडाळलेलं असतं, बस्स. शेपूट नाही, विंग केस (छातीवरचा पंखांचा उंचवटा) नाही. पुढे त्यात मणी आणि चकचकीत दोऱ्याचे वेढे आले. कॅडिसची अळी, स्कड, टिप्युला या लांब पायांच्या माशीची अळी, यांपैकी मासा जे शोधत असेल ते त्याला यात दिसतं. शिवाय हा बांधताना डबिंग सारखं पसरणं आणि मण्यामागे नीट गाठ मारणं या दोन पायाभूत गोष्टींवर हात बसतो.

पर्डिगॉन केव्हा वापरायचा?

पाणी वेगवान किंवा खोल असेल आणि फ्लाय लवकर खाली जायला हवी असेल तेव्हा. स्पेनमधून आलेल्या या पॅटर्नमध्ये केसाळ काहीच नसतं: थोडी शेपूट, धाग्याचं किंवा चमकदार पट्टीचं निमुळतं अंग, टंगस्टनचा मणी आणि सगळ्यावर यूव्ही रेझिनचा (अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या राळेचा) गुळगुळीत थर. पाण्याचा अडथळा कमी, म्हणून त्याच वजनाच्या केसाळ फ्लायपेक्षा तो लवकर बुडतो. वरचा थर कडक असल्याने भरपूर मासे लागूनही टिकतो. संथ डोहात मात्र तो दगडासारखा खाली जाऊन बसतो, तिथे हेअर्स इअर घ्या.

दोन फ्लाय एकत्र वापरायच्या असतील तर जड पर्डिगॉन आणि त्याच्याबरोबर मणी नसलेला फेझंट टेल ही जोडी फार कामाची. पहिला दोघांना खोलीवर नेतो, दुसरा मोकळेपणाने हलतो. दोन फ्लाय लावायला परवानगी आहे का ते त्या पाण्याच्या नियमांत आधी बघा.

मिज इतके लहान बांधणं खरंच गरजेचं आहे का?

हिवाळ्यात आणि धरणाखालच्या पाण्यात, होय. तिथे पाण्याचं तापमान फारसं बदलत नाही, कीटकांच्या जाती कमी असतात, पण असतात त्या अफाट संख्येने, आणि मिज त्यांत पुढे. झेब्रा मिज म्हणजे काळा धागा, रुपेरी बारीक तारेचे वेढे आणि एक छोटा मणी. धागा ७० डेनियरचा (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप) किंवा त्याहून बारीक घ्या आणि पीळ सोडून सपाट करून गुंडाळा, नाहीतर अंग जाड होतं. काळा, ऑलिव्ह आणि लाल असे तीन रंग ठेवा. लाल रंगाला कारण आहे: गाळात राहणाऱ्या काही मिज-अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं, त्यावर त्या कमी ऑक्सिजनमध्ये तगतात, आणि म्हणून त्या लालभडक दिसतात.

स्टोनफ्लाय फक्त हंगामातच बांधायच्या का?

उलट. मोठ्या जातींचे निम्फ पाण्यात तीन-चार वर्षं काढतात. त्यामुळे नदीत त्यांची वेगवेगळ्या वयाची पिल्लं बारा महिने असतात. ते नीट पोहू शकत नाहीत, पाय सुटला की गडगडत वाहतात, आणि ट्राउटला मोठा घास मिळतो. शेनिलचं (मखमली दोऱ्याचं) अंग, रबराचे पाय आणि भरपूर वजन एवढ्यावर भागतं. काळा आणि तपकिरी, दोन रंग पुरे. ऑक्सिजन भरपूर असलेलं स्वच्छ, खडकाळ पाणी नसेल तर हा पॅटर्न सोडून द्या.

स्कड वाकड्या गळावर बांधतात, ते बरोबर का?

स्कड पोहताना शरीर सरळ करतो, आवळून घेतो तो थांबल्यावर किंवा हातात धरल्यावर. म्हणून साध्या गळावरचा स्कडही बांधून ठेवा. जिवंत स्कड राखाडी-हिरवट असतो, मेलेला नारिंगी होतो. दोन्ही रंग चालतात, पण पहिला आधी.

रंग किती काटेकोर हवा?

गडद, मध्यम आणि फिका एवढी वर्गवारी पुरते. बशीतल्या जिवाकडे पाहून त्यापैकी कुठली ते ठरवा. पंख फुटायच्या बेतात असलेल्या मेफ्लायच्या निम्फचा पाठीवरचा पंखांचा उंचवटा काळपट होतो. तसे निम्फ दिसले तर विंग केस गडद बांधा.

एक काळजी मात्र घ्या: रंग कोरड्या सामानावरून ठरवू नका. चिमूटभर डबिंग पाण्यात भिजवून धाग्यावर धरा आणि मग बघा. ओल्यावर बहुतेक केस गडद होतात, काहींचा रंगच बदलतो. आतल्या धाग्याचा रंगही तेव्हा झिरपून दिसतो. सॉयर यांच्याच किलर बग या पॅटर्नसाठी लोक चॅडविक ४७७ नावाची विशिष्ट लोकर शोधत फिरत, ते तिच्या ओल्या झाल्यावरच्या गुलाबीसर छटेसाठी.

भडक रंगाची पट्टी घालावी का?

मण्यामागे नारिंगी किंवा गुलाबी धाग्याचे चार-पाच वेढे बरेचदा उपयोगी ठरतात, विशेषतः गढूळ किंवा खळाळत्या पाण्यात. ज्या पाण्यावर खूप लोक मासेमारी करतात तिथे ते माशाला बुजवूही शकतात. म्हणून निम्म्या फ्लाय पट्टीच्या आणि निम्म्या साध्या बांधा.

जिग गळ घ्यावा का?

तळालगत वापरायच्या जड फ्लायसाठी जरूर. त्याचं नेढं वाकवलेलं असतं आणि खाचेचा मणी वर बसतो, त्यामुळे गळाचं टोक वरच्या बाजूला राहतं आणि दगडांत कमी अडकतं. हलक्या फ्लायसाठी साधा गळ पुरे.

कोणते पॅटर्न सुरुवातीला टाळावेत?

ज्यात सातपेक्षा जास्त प्रकारचं सामान लागतं ते सगळे. कॉपर जॉन उत्कृष्ट पॅटर्न आहे, पण त्यात शेपूट, तारेचं अंग, चमकदार पट्टी, पाय, रेझिन असा पसारा आहे, आणि एक बांधण्याच्या वेळात तीन वॉल्ट्स वर्म होतात. जी फ्लाय हरवायची भीती वाटते ती तुम्ही तळालगत, अडचणीच्या जागी टाकणार नाही, आणि ट्राउट नेमका तिथेच असतो.

तळ्यासाठी हेच चालतील का?

काही प्रमाणात. तळ्यात मिजचे कोष मोठे असतात, १० ते १६ क्रमांकाचे, आणि डॅमसेल या चतुरासारख्या कीटकाचा ऑलिव्ह निम्फ मऊ माराबू पिसांचा बांधावा, म्हणजे हळू ओढताना तो लवलवतो.

शिसं आणि काटेरी गळ याबद्दल नियम असतात का?

अनेक ठिकाणी असतात. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिशाची वजनं चालत नाहीत आणि गळ बिनकाट्याचा (टोकामागे उलटा काटा नसलेला) लागतो. शिसं पाणपक्ष्यांना विषारी आहे, त्यामुळे नियम नसला तरी शिसेविरहित तारच वापरा. तारेची जाडी साधारण गळाच्या दांड्याएवढी ठेवली तर अंग बेढब होत नाही. गळ बिनकाट्याचे विकत मिळतात. काटा असेल तर फ्लाय बांधायच्या आधीच चिमट्याने दाबून टाका, कारण त्यात कधीकधी गळ मोडतो आणि मग बांधलेली फ्लाय वाया जाते.

एका बैठकीत काय आणि किती बांधावं?

एकच पॅटर्न, एकच माप, एकच वजन, असे सहा. पहिले दोन वाकडेतिकडे होतात, तिसऱ्यापासून हात बसतो आणि शेवटचे तीन एकसारखे येतात. सगळे मणी आधी गळांवर चढवून ठेवा, तारेचे तुकडे कापून ठेवा. गाठ मारल्यावर मण्यामागे वार्निशचा थेंब द्या आणि नेढं सुईने मोकळं करा, नाहीतर थंडीत नदीवर दोरी ओवताना बोटं रडतात. डबीत माप उतरत्या क्रमाने आणि वजनाप्रमाणे रांगा लावा. वापरलेल्या फ्लाय थेट रांगेत परत न खोचता पूर्ण वाळू द्या, कारण एका ओल्या गळाचा गंज शेजारच्यांनाही लागतो.